व्हिस्कोमीटरमधल्या ‘पाउंड’मुळे वाया गेलेली बॅच

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या डिजिटल व्हिस्कोमीटरमधील एकक बदलण्याची चूक आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

भोसरी एमआयडीसीत माझे इपॉक्सी पॉटिंग कंपाउंड (विजेच्या कॉइलवर ओतायचा, नंतर घट्ट होणारा माल) बनवण्याचे छोटे युनिट आहे, मला धरून सहा माणसांचे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही आपला डिजिटल व्हिस्कोमीटर, म्हणजे द्रवाचा दाटपणा मोजायचे मशीन, घेतला. दाटपणाचे एकक सेंटिपॉइज असो की पाउंड-फूट, बटण दाबले की हव्या त्या एककात आकडा मिळेल, असे आपल्या विक्री प्रतिनिधीने सांगितले होते. त्या बटणासाठीच आम्ही साध्या मॉडेलपेक्षा जास्त पैसे मोजले. माझी तक्रार त्याच बटणाची आहे.

चाकणच्या आमच्या एका गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज अमेरिकेहून येतात. त्यांत व्हिस्कॉसिटी (दाटपणा) पाउंड प्रति फूट-सेकंदात दिलेली असते, १.०५ ते १.२५. आपल्याकडच्या हिशेबाने हे साधारण १५६० ते १८६० सेंटिपॉइज होते. गेल्या महिन्यात १२० किलोची बॅच तयार झाल्यावर दुसऱ्या पाळीच्या मुलाने नमुना नेहमीप्रमाणे २५ अंशांवर आणला, कागद बघून एकक पाउंडवर लावले आणि मशीनचा स्पिंडल (दांडा) नमुन्यात फिरवला. आकडा आला ०.०३५५. हवा तर एकाच्या वर! माल फारच पातळ झाला असे समजून त्याने फिलर (माल दाट करणारी पूड) घातला. ०.०४६. आणखी घातला. ०.०६९.

सकाळी आमचे जुने मिस्त्री आले. त्यांनी काठी बुडवून वर धरली आणि मला फोन केला, “ताई, मशीन काही का सांगेना, हा माल पातळ नाही. काठीवरून खाली यायलाच तयार नाही.” मी धावत गेले. एकक सेंटिपॉइजवर आणले तर ३३०० दाखवले. त्या मुलाची पहिली नोंद सेंटिपॉइजमध्ये मांडली तेव्हा कळले की मूळचा माल १७०० चा होता, म्हणजे अगदी हवा तसा. आता तो कॉइलच्या वेटोळ्यांत शिरत नाही, आत हवेचे बुडबुडे अडकून राहतात. घातलेला फिलर परत काढता येत नाही. त्या मुलाला मी एका शब्दाने बोलले नाही. मशीनने सांगितले तेच त्याने केले.

आपले सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी १००० सेंटिपॉइजचे प्रमाणित तेल लावले, मशीनने ९९८ दाखवले, आणि रिपोर्टवर ‘मशीन ठीक’ लिहून ते निघाले. सेंटिपॉइजचा आकडा बरोबर येतो, हे माझेही म्हणणे आहे. पाउंडवर लावून बघा म्हटले तर उत्तर मिळाले, “कागदावर पाउंड, पडद्यावरही पाउंड. दोन्ही पाउंडच की हो मॅडम.”

दोन्ही एक नाहीत, महोदय. ते गेल्यावर मी तेच तेल पुन्हा लावले. १००० सेंटिपॉइज म्हणजे एक पास्कल-सेकंद (दाटपणाचे आंतरराष्ट्रीय एकक), आणि पाउंड प्रति फूट-सेकंदात ते ०.६७२ यायला हवे. मशीनने दाखवले ०.०२०९. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर ३२ च्या थोडे वर येते. डिप्लोमाला असताना हा आकडा पाठ केला होता: गुरुत्वाकर्षणाचे त्वरण फुटांत मांडले की ३२.१७. तिथे घोळ उलगडला. इंग्रजी पद्धतीत वस्तुमानाचा पाउंड वेगळा आणि बलाचा पाउंड वेगळा; बलाच्या पाउंडात हा ३२.१७ गुणलेला असतो. एक पाउंड प्रति फूट-सेकंद म्हणजे १.४८८ पास्कल-सेकंद, आणि एक पाउंड-बल सेकंद प्रति चौरस फूट म्हणजे ४७.८८ पास्कल-सेकंद. आपल्या मशीनच्या पडद्यावर नाव पहिल्याचे आहे आणि गुणक दुसऱ्याचा. आमची आजी धान्य घेताना मापी शेर की वजनी शेर, हे आधी विचारून घ्यायची. नाव एकच असले तरी पोत्यात किती पडणार ते वेगळे, हे तिला ठाऊक होते. मोजमापाची यंत्रे विकणाऱ्या कंपनीला ते ठाऊक असायलाच हवे.

मशीनच्या एककांच्या यादीत आणखी एक दोष सापडला. सेंटिपॉइजवरून सेंटिस्टोक्सवर गेले तरी मशीन तोच आकडा दाखवते. सेंटिस्टोक्स काढायला द्रवाच्या घनतेने भागावे लागते आणि मशीन घनता विचारतच नाही. पाण्यासाठी ते चालून जाईल. आमचे फिलर नसलेले रेझिन १.१५ घनतेचे आहे. त्याचे १७०० सेंटिपॉइज म्हणजे सुमारे १४८० सेंटिस्टोक्स होतात. हा नुसता एकक बदलण्याचा प्रश्नच नाही, ती राशीच वेगळी आहे.

पॉइजचा पास्कल-सेकंद करताना फक्त दशांश चिन्ह सरकते, त्यामुळे रोजच्या वापरात ही चूक कुणाच्या नजरेला येत नसावी. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. हेच मॉडेल वापरणारे रंग, शाई, गोंद बनवणारे माझ्यासारखे आणखी लोक असतील. सॉफ्टवेअर दुरुस्त करून पडद्यावर ‘पाउंड-बल’ असे स्पष्ट लिहावे, सेंटिस्टोक्ससाठी घनता भरून घ्यावी, आणि हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येकाला लेखी कळवावे. वाया गेलेल्या १२० किलो मालाची भरपाई मला मिळावी. कच्च्या मालाची बिले सोबत जोडली आहेत. ‘मशीन ठीक’ हा शेराही बदलून हवा, कारण तो बघून गिऱ्हाईक आमच्याच कामावर बोट ठेवते आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिघडलेला माल बादल्यांमध्ये सीलबंद ठेवला आहे. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, तो दिवस सोडून आपल्या माणसाने कधीही येऊन तो बघावा. येताना प्रमाणित तेल आणावे आणि या वेळी आकडा पाउंडवर लावूनच वाचावा.

आपली,
एक ग्राहक, भोसरी, पुणे