बाकीचे उमेदवार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ठाणे लोकसभा मतदारसंघाच्या उमेदवारांवर दिलेले अर्धे पान वाचले. नरेश म्हस्के आणि राजन विचारे यांचे शिक्षण, मालमत्ता, गाड्या, दागिने, दोघांच्याही तोंडी शिवसेनेच्या दिवंगत आनंद दिघेसाहेबांचे नाव, सगळे साग्रसंगीत आले. तळाशी एक ओळ : ‘याशिवाय अपक्ष व इतर उमेदवारही रिंगणात आहेत.’ झाले! 20 मे 2024 रोजी आमच्यापुढे दोन-दोन यंत्रे मांडली जाणार, एकेकावर 16 बटणे, आणि आम्हाला नावे ठाऊक दोनच. बाकीची बटणे काय शोभेला?

2019 च्या निवडणुकीत आमच्या दाराची बेल वाजवणारा एकमेव उमेदवार अपक्ष होता. भर एप्रिल, दुपारची वेळ, लिफ्ट बंद. गृहस्थ एकटेच चौथ्या मजल्यावर चढून आले. ना ढोल, ना उपरणेवाले. हातात झेरॉक्सची पत्रके, तीही घरटी एकच. सौ.ने पाणी दिले, तसे बसले आणि थेट रखडलेल्या कळवा-ऐरोली रेल्वेमार्गावर सुरू झाले. कल्याणकडून वाशीला जाणाऱ्याने ठाण्याला उतरून पुलावर का चेंगरायचे, रेल्वेचे काम दिल्लीत खासदाराने नाही रेटायचे तर कोणी, असे सगळे. मत मागायचे विसरलेच. जिना उतरताना खालून ओरडून चिन्ह सांगितले, ‘कपबशी!’

निकालानंतर त्यांना किती मते पडली ते तुमच्याच पेपरात शोधले. तिथेही पहिले दोन-तीन जण आणि मग ‘इतर’. अनामत वाचवायला लागणारी एक षष्ठांश मते ते कुठून आणणार? 25,000 ची अनामत गेलीच असणार. निदान नाव तरी छापायचे होतेत!

त्याच रेल्वेमार्गाच्या कामातले दिघा गाव स्टेशन यंदा, 2024 च्या जानेवारीत, एकदाचे उघडले. कळव्याचा जोडमार्ग मात्र अजून रखडलेलाच. त्यावर तुमच्या दोन ‘प्रमुख’ उमेदवारांचे म्हणणे काय, ते अर्ध्या पानात कुठेही नाही. कोणाकडे किती तोळे सोने, ते आहे.

सगळेच अपक्ष थोर असतात असे माझे म्हणणे नाही. नावात नाव मिसळून मते खायला उभे केलेले डमीही असतात, एवढे आम्हाला कळते. मग तेच छापा ना! प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तुमच्या वार्ताहरांनी ते उघडून पाहण्याची कृपा करावी. मतदानाला अजून अवकाश आहे.

जाता जाता एक. हल्ली तुमचे पहिले पान तिसऱ्या पानावर सापडते. त्याआधी हात जोडलेले उमेदवार, पानभर. जागेची अडचण असते म्हणता, ती हीच का? आणि एवढ्या जाहिराती घेऊनही पेपर ऐरोलीत आठ वाजून गेल्यावरच येतो.

– एक मतदार, ऐरोली, नवी मुंबई