सर, तुम्ही आधी सावली बघायला लावलीत

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत. नुकताच कॅमेरा हातात घेतलेल्या कुणाच्या नजरेस ते पडलं, तर एक पितळी तांब्या, दोन लिंबं आणि खिडकी एवढ्या सामानावर किती शिकता येतं, हेही त्यांना कळेल.

पहिले आभार कॅमेरा बाजूला ठेवायला लावल्याबद्दल. तांब्या टेबलावर ठेवायचा आणि आधी त्याची सावली बघायची: कुठे पडते, किती लांब, कड धारदार की विरलेली. कड विरलेली असेल तर प्रकाश देणारी जागा वस्तूच्या मानाने मोठी. धारदार असेल तर छोटी. सूर्य केवढा तरी मोठा, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा दिसतो. म्हणून उन्हातली सावली कात्रीने कापल्यासारखी येते. त्याच खिडकीवर धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर ताणून बांधलं, की ऊन त्यावर अडतं आणि अख्खी खिडकीच दिवा होते.

उत्तरेच्या खिडकीचा सल्ला सगळेच देतात. आपल्याकडे तो कुठे फसतो, ते मात्र तुम्ही सांगितलंत. जूनच्या आसपास सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि तसाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरकं ऊन आत येतं. तेव्हा धोतर तिथेही लागतं.

मागची भिंत काळोखी हवी तर काळं कापड शोधत बसू नका, टेबल खिडकीजवळ ओढा, हे तुमचं सांगणं. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). खिडकी मोठी असल्याने अगदी जवळ हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच. तांब्या खिडकीपासून दोन फुटांवर आणि भिंत आठ फुटांवर असेल, तर तांब्यापुरतं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, धरल्यावर भिंत आपोआप अंधारात जाते. मात्र चौकटीत अंधार जास्त झाला की कॅमेऱ्याचं मीटर चकतं, फोटो उजळवायला जातं आणि तांब्यावरची चमक पांढरीफटक होते. त्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती, उणे एक, आणि मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, उजव्या म्हणजे पांढऱ्या टोकाला चिकटलेला नाही ना, ते पाहणं.

बाकी आकडे ठरलेलेच: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 8, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. शटर पाव सेकंद येवो की एक सेकंद, काही बिघडत नाही. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. पंखा बंद, नाहीतर मागचं कापड हलतं. ट्यूबलाइटही बंद, नाहीतर तांब्याची एक बाजू दिवसाच्या रंगाची आणि दुसरी ट्यूबच्या. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्यात करायचा मेळ, कुठलाही ठेवा, एक बाजू चुकतेच.

सर्वांत जास्त वेळ तुम्ही पितळावर दिलात, आणि त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. तांब्याचा फोटो म्हणजे तांब्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सुटत जातं. खिडकीकडच्या बाजूला उभी चमक मिळते, पण पलीकडची कड अंधाऱ्या भिंतीत विरून जाते आणि तांब्या अर्धा कापल्यासारखा दिसतो. उपाय तुमचा: दोन इंच रुंद पांढऱ्या कागदाची पट्टी तांब्याच्या मागे, चौकटीच्या जरा बाहेर उभी करायची आणि कॅमेऱ्यातून बघत केसाकेसाने फिरवायची. एका ठिकाणी कडेवर बारीक उजळ रेघ उमटते, तिथे थांबायचं. प्रकाश परतवायला पांढरा थर्मोकोल जवळ आणला तर सावली भरते, पण पोटावर मोठा पांढरा डागही पडतो. म्हणून थर्मोकोल लिंबांसाठी, पट्टी तांब्यासाठी. पोटात कॅमेरा दिसलाच, तर लांब लेन्स लावून मागे सरायचं आणि काळ्या चार्टपेपरला लेन्सपुरतं भोक पाडून त्यातून फोटो घ्यायचा. तांब्या पितांबरीने लखलखीत घासू नका, हेही तुमचंच. किंचित निस्तेज पितळावर चमक पसरून येते आणि आकार गोल वाटतो.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी 1930 साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो घेतला. घरातलं नरसाळं आडवं ठेवून, त्यात मिरची बसवून तुम्ही ते करून दाखवलंत. आतला पत्रा चारी बाजूंनी प्रकाश परतवतो आणि मिरचीच्या घड्या अंगासारख्या भरीव दिसतात.

मांडणीबद्दल तुम्ही मोजकंच बोललात. लिंबू तांब्याला नुसतं टेकलेलं दिसता कामा नये. एक तर तिसरा हिस्सा झाकला जावा, नाहीतर मध्ये बोटभर फट असावी. टेबलाची मागची कड तांब्याच्या गळ्यावरून जाऊ नये. कॅमेरा चार बोटं वर-खाली केला की ती सुटते. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्रकाश लावेपर्यंत जुनं लिंबू ठेवायचं, ताजं शेवटच्या क्षणी कापायचं. कापलेली फोड बघता बघता सुकते. तिचा रस पितळाला लागला तर तिथे फिकट डाग उमटतो, आणि मग सगळा तांब्या पुन्हा सारखा करत बसावं लागतं.

काचेचा पेला तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलात. पितळावर उजळ रेघ काढायची, काचेवर काळी: मागे उजळ कागद, दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळे चार्टपेपर, की पेल्याच्या कडा पेन्सिलीने काढल्यासारख्या उठतात. पितळ हाताखालून गेलं होतं, म्हणून हे एका बैठकीत समजलं.

तुमचं धोतर धुऊन, घडी करून या पत्रासोबत पाठवत आहोत. एका कोपऱ्याला पितळाचा हिरवट डाग राहिला आहे, तो निघाला नाही.

आपले कृतज्ञ,
शनिवारच्या वर्गातले विद्यार्थी