नुसत्या सर्टिफिकेटने वायनरी चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरमधला वाईन उद्योगावरचा लेख वाचला. ज्या वायनरीकडे सर्टिफिकेटं जास्त तिचा धंदा चांगला, असा त्याचा सूर होता. हे अर्धंच खरं आहे, आणि मी बरीच वर्षं वायनरीच्या लॅबमध्ये काढलीत म्हणून उरलेलं अर्धं, म्हणजे सर्टिफिकेटमागे लागणारी साधनसामग्री, त्याबद्दल लिहितोय.

ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय सर्टिफिकेटचंच घ्या. युरोपियन युनियनच्या नियमात साध्या ड्राय (गोड नसलेल्या) रेड वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम सल्फाईट चालतं, ऑरगॅनिकला १००. सल्फाईट हा वाईनचा राखणदार, तो कमी केला की राखण तुम्हालाच करावी लागते, म्हणजे टाक्या थंड ठेवायची सोय पाहिजे, पंप आणि पाईप दर वेळी नीट धुतलेले पाहिजेत, बॅरल काठोकाठ भरलेलं पाहिजे नाहीतर वर हवा राहते आणि व्हिनेगरसारखा वास सुटतो, आणि हे सगळं वेळेवर पकडणारा जाणकार माणूस पाहिजे. शिवाय बाग ऑरगॅनिक करायला ३ वर्षं लागतात, तेवढा काळ खर्च ऑरगॅनिकचा आणि द्राक्ष मात्र ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही. ज्याच्याकडे ही ३ वर्षं काढायला पैसा नाही तो मधेच सोडतो, आणि त्याचा दोष कुणी सर्टिफिकेटला देऊ नये.

आयएसओ २२००० या अन्नसुरक्षेच्या सर्टिफिकेटचं पण तसंच. मी होतो त्या एका वायनरीत ऑडिटरने शेल्फवरची एक बाटली उचलली, लॉट नंबर वाचला आणि विचारलं, ही कुठल्या टाकीतली आणि कुठल्या प्लॉटच्या द्राक्षाची? रजिस्टर उघडलं तर महिनाभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच हाताने, एका रात्रीत लिहिलेल्या. मला तेव्हा फार लाज वाटली. त्याच वायनरीने पुढे एक माणूस फक्त नोंदींसाठी ठेवला आणि खराब लॉट कुठून येतोय ते पहिल्यांदा कळलं, वाया जाणारा माल कमी झाला, फायदा तिथून सुरू झाला.

कॅलिफोर्नियातल्या वायनरींवर डेल्मास आणि ग्रँट यांचा २०१४ चा अभ्यास आहे, तो तर प्रत्येक मालकाने वाचावा. इको, म्हणजे ऑरगॅनिकसारखं पर्यावरणाचं सर्टिफिकेट घेऊन लेबलवर न लिहिणाऱ्यांच्या वाईनला सुमारे १३ टक्के जास्त भाव, आणि तेच लेबलवर छापलं की तो भाव सुमारे २० टक्क्यांनी खाली! मला यात नवल वाटत नाही, कारण सर्टिफिकेटसाठी बागेत जी मेहनत होते ती चवीत उतरते, पण ऑरगॅनिक म्हणजे हलकी वाईन असा समज गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो. म्हणजे ब्रँड आणि विक्रीची माणसं हीसुद्धा साधनसामग्रीच झाली, ती नसेल तर तोच शिक्का अंगावर येतो.

खरा अन्याय छोट्यांवर होतो. ऑडिटची फी आणि कागदपत्रं छोट्या वायनरीलाही जवळपास तेवढीच पडतात, फक्त ती वाटून घ्यायला बाटल्या कमी. युरोपच्या २०१८/८४८ या नियमात छोट्या शेतकऱ्यांच्या गटाला मिळून एक ऑरगॅनिक सर्टिफिकेट घ्यायची सोय आहे. छोट्या वायनरींनाही अशी सोय आणि सोबत एक सामायिक लॅब मिळाली पाहिजे, आणि यावर आपण एक सविस्तर लेख छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक