रिमोट स्टार्ट बसवले, तपासणी मात्र केलीच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रिमोट स्टार्ट किट बसवताना सुरक्षिततेची तपासणी न केल्याबाबत

महोदय,

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो. दुपारी आईला दवाखान्यात न्यायचे तर तापलेल्या गाडीत तिला बसवत नाही. म्हणून दुरूनच रिमोटने इंजिन आणि एसी सुरू करणारे 9,500 रुपयांचे किट तुमच्या फिटिंग सेंटरमधून बसवून घेतले. गाडी मॅन्युअल गिअरची आहे, चालेल ना, असे मी दोनदा विचारले होते. फिटरने रिमोट दाबला, इंजिन सुरू झाले, एसी लागला, "झालं साहेब" म्हणाला. तपासणी एवढीच.

गेल्या रविवारी सकाळी मी वरच्या मजल्यावरून रिमोट दाबला. रात्री उशिरा आल्याने गाडी पहिल्या गिअरमध्येच राहिली होती, हँडब्रेकही ओढलेला नव्हता. स्टार्टर फिरला तशी गाडी हिसका देऊन पुढे गेली आणि पोर्चच्या कठड्यावर आदळली. तिथेच पाटावर बसून आई शेंगा फोडत होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून मिनिटभरापूर्वी आत गेली, म्हणून वाचली. पाटाचे दोन तुकडे झाले. आई अजून पोर्चमध्ये पाऊल टाकत नाही.

गाडी गिअरमध्ये राहिली, ही चूक माझी. पण माणूस विसरणार हे धरूनच अशी यंत्रणा बसवायची असते.

ओळखीच्या वायरमनने स्टिअरिंगखालचे पॅनेल उघडले, तेव्हा मला घामच फुटला. हँडब्रेकची वायर थेट बॉडीला अर्थ केलेली. म्हणजे हँडब्रेक खाली असला तरी किटला तो ओढलेलाच वाटणार! दाराची वायर जोडलेलीच नाही. गाडी गिअरमध्ये राहिलेली नाही याची खात्री व्हावी म्हणून मॅन्युअल गाडीत न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, चालू इंजिनवर बाहेर पडून दार लावायचे, मग रिमोटने इंजिन बंद करायचे. त्यानंतर दार उघडले गेले की रिमोट स्टार्ट रद्द व्हायला हवे. त्या दाराच्या वायरीशिवाय ही सोय चालणार कशी? क्लच स्विचच्या दोन्ही वायरी कायमच्या एकत्र पिळलेल्या, त्यामुळे आता चावीनेही क्लच न दाबता गाडी सुरू होते. बॉनेटचा स्विच तर डॅशबोर्डच्या कप्प्यात पुडीतच होता. मेकॅनिकचा हात फॅनबेल्टजवळ असताना घरातून कुणी रिमोट दाबला असता तर?

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकदा हँडब्रेक खाली करून, एकदा दार उघडून, एकदा बॉनेट वर करून, दरवेळी रिमोट दाबायचा आणि इंजिन सुरू होत नाही ना ते पाहायचे. सुरू असताना ब्रेक दाबला की ते बंद पडते का, तेही पाहायचे. पंधरा मिनिटांचे काम. फिटरने ते केले असते तर या चुका तिथेच सापडल्या असत्या.

किट काढून मूळ वायरिंग पूर्ववत करून द्या. पैसे परत करा, बंपरचा खर्च भरा. याच सेंटरने ज्या मॅन्युअल गाड्यांना किट बसवले, त्या सगळ्यांना बोलावून तपासा. हे मला माझ्या पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

वायरिंगचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. स्विचची न फोडलेली पुडी माझ्याकडेच आहे, तुमचा माणूस आला की दाखवतो.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर