झेड मशीनवरची ‘हरवलेली’ डिस्क शोधून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना ‘थँक यू’ म्हणालो, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. म्हणून हे उघडपणे लिहितोय. माझ्यासारखंच इंटेल सर्व्हरवरून मेनफ्रेमच्या (आयबीएम झेड मशीनच्या) लिनक्सकडे आलेल्या कुणाला याचा उपयोग झाला, तर तुम्हालाही बरं वाटेल.

आमच्याकडे नव्याने आलेल्या गेस्टचं (झेड/व्हीएमवर चालणाऱ्या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनचं) आयपीएल, म्हणजे बूट, केलं आणि तो रूट (मुख्य) फाइलसिस्टिमची वाट बघत इमर्जन्सी शेलमध्ये अडकला. आधीच्या टीमने ०.०.०२०१ ही डॅसडी (मेनफ्रेमची डिस्क) जोडून रूटचा व्हॉल्यूम ग्रुप (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) वाढवला होता. डिस्क गेली असं सगळ्यांनी धरलं होतं, बॅकअपवरून रिस्टोअर करायची भाषा सुरू झाली होती. तुम्ही तेवढं शांतपणे विचारलंत, “गेली म्हणजे कुणाला दिसत नाही? झेड/व्हीएमला की लिनक्सला?”

मग कन्सोलवरून सीपीला, म्हणजे झेड/व्हीएमच्या गाभ्याला, व्हर्च्युअल डॅसडींची यादी विचारायला लावलीत. यादी सरकेना. तुम्ही फोनवरूनच सांगितलंत की खाली उजव्या कोपऱ्यात ‘मोअर’ दिसत असेल, क्लिअर दाब, एंटर दाबलास तर स्क्रीन ‘होल्डिंग’मध्ये जाईल. पुढच्या स्क्रीनवर ०२०१ होती. ३३९० प्रकारची, वाचता-लिहिता येणारी (आर/डब्ल्यू), १००१६ सिलिंडरची. लिनक्सच्या प्रॉकमधल्या डॅसडीच्या यादीत मात्र एकटी ०२००. डिस्क धडधाकट होती, ती ऑनलाइन घ्यायला लिनक्सला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं तुम्ही समजावलंत, त्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. मेनफ्रेमच्या चॅनेलवर हजारो डिव्हाइस असू शकतात, म्हणून लिनक्स सरसकट सगळ्यांना हात लावत नाही. सीआयओ-इग्नोरच्या (लिनक्सने दुर्लक्ष करायच्या) यादीतली डिव्हाइस तर त्याच्या लेखी नसतातच. डेटाच्या डिस्क रूट माउंट झाल्यावर कॉन्फिग फाइल वाचून ऑनलाइन आणता येतात. पण रूट ज्या डिस्कवर पसरलाय, त्यांची नावं त्याआधीच कळायला हवीत, कारण ती फाइल रूटवरच असते. आमच्या रेड हॅटवर म्हणूनच अशी प्रत्येक डिस्क कर्नलच्या पॅरामीटर ओळीत ‘आरडी डॉट डॅसडी’ने द्यावी लागते. ०२०१ तिथे नव्हती.

आधी ती इग्नोरच्या यादीतून मोकळी केली, सिसएफएसमधल्या (कर्नल डिव्हाइस जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) तिच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये १ लिहिला, व्हॉल्यूम ग्रुप सुरू केला आणि शेलमधून बाहेर पडलो. गेस्ट वर आला! इथे बहुतेक जण “झालं” म्हणून मोकळे झाले असते. तुम्ही म्हणालात, “आता पॅरामीटर घाल, झिपल चालव, आणि परत आयपीएल कर, माझ्यासमोर.” झिपल हे बूटची तयारी करणारं साधन; ते न चालवता नुसती फाइल बदलून भागत नाही, हेही तेव्हाच कळलं. आयपीएलच्या वेळी फाइलसिस्टिम कुणी उघडत नाही. झिपलने कर्नल, रॅमडिस्क आणि पॅरामीटर डिस्कवर कुठल्या ब्लॉकमध्ये आहेत ते आधीच नोंदून ठेवलेलं असतं आणि तेच ब्लॉक उचलले जातात. झिपल पुन्हा चालवलं नाही तर फाइलमध्ये नवी ओळ दिसते आणि मशीन जुन्याच ओळीवर उठतं. मॅन्युअलमध्ये हे आहेच, पण मला ते तुमच्यामुळे उमगलं.

हा गेस्ट तुमच्या टीमचा नव्हता, तिकीट तुमच्या नावावर नव्हतं. तरी दुसरं आयपीएल होऊन लॉगिन येईपर्यंत तुम्ही फोनवर थांबलात. सीपी आणि लिनक्स, दोन्हीकडून बघणारी माणसं थोडी असतात, आणि आपलं ज्ञान इतक्या मोकळ्या हाताने देणारी त्याहून थोडी.

आता आमच्या चेंज फॉर्ममध्ये तुमचा प्रश्न आलाय: नवी डिस्क रूटच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जाणार का? ‘हो’ असेल तर पॅरामीटर, झिपल आणि चाचणीचं आयपीएल झाल्याशिवाय चेंज बंद होत नाही.

मनापासून आभार, मॅडम.

आपला,
पुण्यातला एक लिनक्स ॲडमिन