नको असलेले मेल बंद करण्याबाबत

मंडळी, परत तिघाचौघांनी विचारलं की रोज येणारे ऑफरवाले नि न्यूजलेटरचे मेल बंद कसे करायचे, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय.

"प्लीज माझं नाव काढा" असा रिप्लाय करू नका, तो बहुतेक वेळा कोणी वाचतच नाही, आणि ग्रुपचा मेल असला तर सगळ्यांच्या इनबॉक्समधे जाऊन पडतो, मग बाकीचे पण "मलापण काढा" सुरू करतात.

जीमेलमधे मेल उघडला की वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी बऱ्याचदा अनसबस्क्राइब दिसतं, ते दाबा. नसेल तर अगदी तळाशी बघा, फिकट राखाडी बारीक अक्षरात लिंक असते (मुद्दामच तशी ठेवतात, माझं मत). 2024 पासून जीमेलने दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमधे एका क्लिकची सोय द्यायला लावलीय, दोन दिवसांत नाव काढणं अपेक्षित आहे, त्यामुळे लगेच थांबले नाहीत तर जरा दम धरा.

तरी येतच राहिले तर मेल कुठल्या पत्त्यावर आलाय ते बघा. मी महिनाभर चडफडत होतो, शेवटी कळलं की जुन्या आयडीवरून फॉरवर्ड होतायत आणि मी नवाच आयडी टाकून काढत बसलो होतो!

आणि हो, अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या अनसबस्क्राइबला हातच लावू नका, तुमचा पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं. सरळ स्पॅम करा. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर टाकू नका, बाहेर पडा.