गणपतीत नको, दिवाळी झाली की या

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबा म्हणाले की यंदा गणपती काकांकडे आहे, घरात अडकायला काही नाही, तर ऑगस्टमध्येच येतो, आणि मी लगेच हो म्हणाले नाही म्हणून आई गप्प झाली ते कळलं मला. फोनवर नीट बोलता येत नाही, पोरं मध्येमध्ये ओढतात, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुम्ही ह्यूस्टनला यायलाच हवंय, फक्त ऑगस्ट-सप्टेंबर नको, तेव्हा इथे हरिकेनचा, म्हणजे मोठ्या चक्रीवादळांचा जोर असतो. दिवाळी झाली की या.

बाबा, तुम्ही म्हणालात की यंदा 2025 ला अटलांटिकमध्ये 13 ते 19 वादळांचा अंदाज आहे, पण 2020 ला तर 30 झाली होती आणि तेव्हा तुम्ही सगळे ठणठणीत होतात. खरंय, त्या वर्षी वादळांसाठी ठरवलेली नावांची यादी संपली आणि शेवटी ग्रीक अक्षरं वापरावी लागली, नोव्हेंबरात एटा आणि आयोटा अशी दोन वादळं पंधरा दिवसांच्या आत मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या त्याच किनाऱ्यावर जाऊन आपटली, बिचारे लोक पहिल्यातून सावरले पण नव्हते. पण बाबा, आकडा बघून सीझन कळत नाही हो. 1992 ला नाव मिळालेली वादळं अख्ख्या सीझनमध्ये 6 झाली, पहिलं तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत आलंच नव्हतं, आणि ते पहिलं म्हणजे अँड्र्यू. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड म्हणून गाव आहे तिथे 24 ऑगस्टला पहाटे कॅटेगरी 5 चं, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं, धडकलं, 25 हजारांवर घरं पार गेली, 2,700 कोटी डॉलरचं नुकसान. नंतर बघितलं तर कितीतरी घरांची छपरं धड ठोकलेलीच नव्हती, त्यावरून फ्लोरिडाने घरबांधणीचे नियमच बदलले. म्हणजे 30 वादळांच्या वर्षी आम्ही सुखरूप आणि 6 वादळांच्या वर्षी एक गाव उद्ध्वस्त. वादळ कुठे जातं, किती वेळ थांबतं, तिथली घरं कशी आहेत, लोकांना निघता येतं का, सगळं त्यावर आहे.

आणि ती कॅटेगरी पण नुसत्या वाऱ्याची असते, पाण्याचा हिशेब त्यात धरतच नाहीत. आपलं निसर्ग चक्रीवादळ या मोजपट्टीवर जेमतेम 1 भरलं असतं, तरी श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या ते तुम्ही दोघांनी बघितलंय, आणि मी इथे फोन लावत बसले होते तर तुमचे दोन्ही नंबर बंद. कॅटरिना 2005 ला किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी 3 वर उतरलं होतं, लोकांना वाटलं वाचलो, आणि मग लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि 80 टक्के शहर पाण्याखाली. 1,800 च्या वर माणसं गेली असं इतकी वर्षं सांगायचे, 2023 ला सरकारी हरिकेन सेंटरने फेरतपासणी करून तो आकडा 1,392 वर आणला. तरी केवढा मोठा आकडा आहे तो. त्यात म्हातारी माणसं खूप होती, हे मला फार लागतं.

आता तारखा बघा. अँड्र्यू 24 ऑगस्ट. 2017 चं हार्वी 25 ऑगस्ट. 2020 चं लॉरा 27 ऑगस्ट. कॅटरिना 29 ऑगस्ट, आणि 2021 चं आयडा पण 29 ऑगस्टलाच, त्याच लुइझियानात. समुद्र तेव्हा सगळ्यात तापलेला असतो आणि वरचा वारा वादळाला फाडत नाही, त्यामुळे ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर हा कळस. यंदा गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आहे आणि तुम्ही नेमकं त्याच आठवड्यात यायचं म्हणताय.

2017 ची चतुर्थी 25 ऑगस्टलाच होती, हार्वीच्या दिवशी. तेव्हा मी तुम्हाला नुसतं पाऊस आहे म्हणून सांगितलं होतं, कारण तुम्ही तिकडून करणार काय होतात. शुक्रवारी आम्ही गणपती बसवला, रात्री वादळ रॉकपोर्टला धडकलं, आमच्यापासून बरंच लांब. शनिवारी दीड दिवसाचं विसर्जन घरातच बादलीत केलं आणि त्या रात्रीपासून जो पाऊस लागला तो थांबेचना, वादळ पुढे जायलाच तयार नाही, समुद्राचं पाणी उचलायचं आणि आमच्यावर ओतायचं. रात्रभर फोन पुराचा इशारा देत कोकलत होता. 26 जुलैला मुंबईत एका दिवसात 944 मिमी पडला होता ना, इथे तेवढा चारेक दिवसांत पडला, आणि पूर्वेला नीदरलँड नावाच्या गावात तर सगळा मिळून 1,500 मिमीच्या वर.

आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पायरीपर्यंत आलं. पण मैत्रिणीचं घर धरणाच्या खालच्या अंगाला, पाऊस संपत आला तेव्हा धरणाचं पाणी सोडावं लागलं आणि तिच्याकडे ते कंबरेपर्यंत चढलं. ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो. इथल्या भिंती शीटरॉकच्या, म्हणजे जिप्समच्या पत्र्यासारख्या, त्या पाणी पितात आणि दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून छातीपर्यंतचं सगळं करवतीने कापून काढायचं, आतला कापसासारखा ओला इन्सुलेशनचा थर ओरबाडायचा, कार्पेट गुंडाळून बाहेर न्यायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक घरापुढे असा ढीग, त्यात सोफे, पुस्तकं, फ्रीज, आणि तो वास. तिचा इन्शुरन्स होता पण नेहमीच्या घराच्या इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, तो वेगळा घ्यावा लागतो, तिथल्या कितीतरी लोकांनी घेतलेला नव्हता. हार्वीचं नुकसान 12,500 कोटी डॉलर धरतात, कॅटरिनाच्या बरोबरीचं. त्याच सीझनमध्ये पुढे इर्मा आणि मारिया. मारियात पोर्टो रिको बेटावर आधी 64 मृत्यू सांगितले, मग एका विद्यापीठाने अभ्यास केला तर 2,975 निघाले, कारण वादळ गेल्यावर महिनोन्महिने वीज नाही, डायलिसिस नाही, औषधं नाहीत.

बाबा तुम्ही विचारलंत की वादळ यायच्या आधी गाडीत बसून निघून जाता येत नाही का. 2005 ला कॅटरिनाच्या पाठोपाठ रिटा आलं तेव्हा ह्यूस्टनमधून सगळे एकदमच निघाले, वीसेक लाखांच्या वर माणसं रस्त्यावर, तासन्‌तास गाड्या जागच्या हलेनात, पेट्रोल संपलं, उकाड्याने माणसं गेली, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली त्यात 23 जण गेले. त्या पळापळीतच शंभरच्या आसपास माणसं दगावली. तुम्हाला दोघांना त्या ट्रॅफिकमध्ये बसवायची कल्पनाही मला सहन होत नाही.

आणि खरं कारण सांगते. गेल्या वर्षी, 2024 च्या जुलैत बेरिल आलं, फक्त कॅटेगरी 1, पण ह्यूस्टन भागात वीस लाखांवर कनेक्शनची वीज गेली आणि आमच्याकडे कित्येक दिवस आली नाही. बाहेर 35-36 डिग्री, घरात एसी नाही, फ्रीज नाही. पोरांना घेऊन आम्ही रात्री गाडीत एसी लावून बसायचो. शहरात काही माणसं नुसत्या उकाड्याने गेली. आई, तुझं इन्सुलिन फ्रीजमध्ये लागतं. तू ते कुणाला सांगणार नाहीस, गुपचूप बसशील, मला माहितीय. तेव्हा मनात पहिला विचार हाच आला होता की बरं झालं आई इथे नाही.

टेक्सासच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्यानंतर हरिकेन फारच क्वचित येतं, आणि नोव्हेंबरात हवा पण छान होते, सकाळी फिरायला जाता येतं, बाबांना घरात कोंडून घ्यावं लागणार नाही. मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं बघतेय, मुलांना थँक्सगिव्हिंगची सुट्टी पण मिळेल, आणि तुम्ही संक्रांतीपर्यंत आरामात राहा. बाबा, दोघांच्या पासपोर्टचा फोटो पाठवा म्हणजे तारखा बघून ठेवते. आई, डॉक्टरांकडून इन्सुलिनचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत छापील घे, त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, आणि विमानासाठी थंड ठेवायची पाऊच मी इकडून पाठवते, तिकडे शोधत बसू नकोस.

तुमची,
ताई